हाळणीकर सर आणि माहूरचे आकडे

आमच्या कॉलेजच्या दर्शनी दालनात गणपतीच्या मूर्तीशेजारी एक काचेचा फलक आहे. त्यावर प्राध्यापकांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्याच्या संशोधन पेपरांची संख्या. सगळ्यात वर हाळणीकर सरांचं नाव. सर कॉलेज सोडून गेले त्याला बरेच उन्हाळे झाले, पण फलकावरचं नाव काही उतरलं नाही. प्रवेशाच्या दिवसांत आईबाप मुलांना घेऊन येतात, मान वर करून तो आकडा वाचतात आणि एकमेकांना म्हणतात, "लई हुशार माणूस दिसतो."

हुशार होतेच. म्हणून तर राग येतो.

नांदेडच्या ह्याच कॉलेजात मी आणि सर एकाच विभागात, विद्युत अभियांत्रिकी शिकवत होतो. सर मूळचे अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. उंच, खांदे जरा पुढं झुकलेले, पायात कायम चामडी चप्पल. प्रयोगशाळेत बूट घालायचा नियम होता आणि तो विद्यार्थ्यांना सांगण्याचं काम सरांकडंच होतं. ते चप्पल घालूनच सांगायचे. बोलायचे गावाकडचं. परिसंवादाला पुण्यामुंबईचे पाहुणे आले तरी त्यात फरक नाही. शिकवताना मात्र कठीणातली कठीण गोष्ट दोन वाक्यांत मोकळी करायचे. "तार म्हंजे काय, पोरांनो? तार म्हंजे ताप. वीज जाणार तिथं ताप होणार. हा ताप निघतो कुठून, एवढंच आपल्याला बघायचंय."

त्यांना एक खोड होती. संध्याकाळी घरी निघताना वर्गाच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तळवा लावून उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उन्हाळा दिवसा मोजू नका, रात्री मोजा. दिवसा तर सगळंच तापतंय. रात्री काय निवतं, ते बघा."

त्यांचं सगळं संशोधन ह्या एका वाक्यात होतं. गावोगावच्या खांबांवर जी रोहित्रं असतात, ज्यांना आपल्याकडं सगळे डीपी म्हणतात, ती उन्हाळ्यात जळतात. जळाली की गाव अंधारात, पाण्याच्या मोटारी बंद. का जळतात विचारलं की ठरलेलं उत्तर: लोक चोरून तारांवर आकडे टाकतात, भार वाढतो. सरांचं म्हणणं होतं की हे अर्धंच खरं आहे. डीपीच्या आतलं तेल दिवसभर तापतं आणि पूर्वी ते रात्री निवायचं. आता रात्रीच गार होत नाहीत. वर रात्रभर घरोघरचे कूलर आणि शेतीच्या मोटारी. यंत्राला उसंत म्हणून मिळत नाही. ते एका दिवसात जळत नाही, रोज रात्री थोडं थोडं मरतं.

एकदा आमचा विभाग माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघाला होता. भोकरला चहासाठी गाडी थांबली आणि सर दिसेनात. शोधलं तर रस्त्याकडेच्या एका डीपीजवळ कान देऊन उभे. भोवती चारपाच माणसं जमलेली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं भीतभीत विचारलं, "सायब, कनेक्शन तोडाया आलाव का?"

"न्हाई बाबा. ऐकायला आलोय."

"मंग काय म्हन्ती?"

"झोप न्हाई म्हन्ती."

म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "आमाला तरी कुठं हाय?" सर एवढे खूश झाले की माहूर येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाला त्यांनी ते वाक्य ऐकवलं.

त्याच काळात सुरेखा त्यांच्या हाताखाली एम.टेक. करायला आली. भोकरकडचीच मुलगी, सावळी, बारीक, कमी बोलणारी. दोघांनी मिळून अहमदपूरच्या बाजूला, भोकरला आणि माहूरच्या पायथ्याशी काही डीपींवर तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं बसवली. ऐन मे महिन्यात सुरेखा एस.टी.नं फिरायची, डोक्याला ओढणी गुंडाळून. वायरमनला विनवून, लाईन बंद करून घेऊन यंत्रं तपासायची. लोक तिला विजेच्या कंपनीची समजून शिव्या द्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची.

ह्या मोजमापांवर सरांनी आणि तिनं एक पेपर लिहिला. मी तो वाचला होता. सांगितलेला उपायही साधा होता. शेतीला रात्रीची वीज सलग देऊ नका, तोडून द्या. मध्ये तेल निवू द्या. उष्ण रात्री असतील त्या आठवड्यांत डीपीवर भार कमी ठेवा. नवं काही विकत आणायचं नव्हतं, नुसतं वेळापत्रक बदलायचं होतं. एका साध्या नियतकालिकात तो छापून आला. सरांनी विभागात पेढे वाटले आणि पुढचा महिनाभर ज्याला त्याला विचारलं, "वाचला का?" लोक पेढा खाऊन हो म्हणायचे.

त्याच वर्षी प्रोफेसरपदाच्या मुलाखती झाल्या. सरांचं नाव पक्कं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. झाला दुसराच, सरांपेक्षा वयानं बराच लहान, ज्यानं डीपी फक्त लांबून पाहिली असेल. त्याच्याकडं पेपरांची चळत होती. आमच्या संचालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावून समजूत घातली. बाहेर आल्यावर सरांनी ती मला जशीच्या तशी सांगितली. "म्हणले, सर, तुमचा पेपर चांगला असंल. पण समिती मोजती, वाचत न्हाई."

मग म्हणाले, "मॅडम, ह्यांना पोतं भरून पाहिजे ना? भरून देतो."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. तो उतरला नाही, तो कामाला लागला.

पुढच्या दोनतीन वर्षांत सर ओळखू येईनासे झाले. एकाच मोजमापाचे तुकडे करून त्याचे पाच पेपर. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक प्रकल्पाचा एक पेपर. पवनचक्क्या, सौर पंप, हवामानबदल, वादळात पडणारे खांब, विषय कुठलाही असो. कुठल्या कुठल्या गावचे सहलेखक आले, ज्यांची तोंडं सरांनी पाहिली नव्हती. ते संगणकावर काहीतरी तयार करून पाठवायचे, सर आपलं नाव घालून पुढं सरकवायचे, आणि त्यांचं नाव इकडच्या पेपरात जायचं. सर प्रोफेसर झाले, मग संशोधन अधिष्ठाता झाले. चप्पल गेली, बूट आले. फेट्यातले फोटो, सत्कार, कॉलेजच्या जाहिरातीत मोठा चेहरा. अहमदपूरच्या चौकात गावकऱ्यांनी अभिनंदनाचा फ्लेक्स लावला, त्यावर सरांच्या डोक्यामागं विजेचा लोळ काढला होता.

मी एकदा विचारलं, "सर, हे सगळं वाचता तरी का तुम्ही?"

ते हसले. "वाचतं कोण मॅडम? लिहिणारा वाचत न्हाई, छापणारा वाचत न्हाई. मी एकट्यानं वाचून काय करू?" ते हसू मला आवडलं नाही. भिंतीला तळवा लावून उभं राहणंही त्या सुमारास बंद झालं होतं.

सुरेखा तोवर त्यांच्याकडंच पीएच.डी. करत होती. एके दुपारी ती एका पेपराची प्रत घेऊन विभागात आली. मी समोरच्या टेबलावर वह्या तपासत होते. तिनं ती प्रत सरांपुढं ठेवली आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं.

"सर, ह्यात माहूरचे आकडे हायेत. पूर्ण उन्हाळ्याचे."

"मग?"

"त्या उन्हाळ्यात माहूरचं यंत्र वानरांनी उपटून नेलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी. आपण हसलो होतो."

सरांनी दाराकडं पाहिलं.

"मग हे आकडे कुणी पाठवले सर? वानरांनी?"

मला हसू आलं असतं, पण तिनं तक्त्यावरचं बोट उचललं नव्हतं. सरांनी प्रत उलटी करून बाजूला सारली. "त्या बाहेरगावच्या पोरांनी भरले असतील. इकडचे आकडे तिकडं घेऊन भरतात. तू मनाला लावून घेऊ नको. तुझं नाव घालू का पुढच्यात?"

सुरेखानं प्रत उचलली. "नको सर. माझं नाव पहिल्यात हाय, तेवढं बास." त्या महिन्यात तिनं पीएच.डी. सोडली. पुढं परीक्षा देऊन ती वीज कंपनीत अभियंता म्हणून लागली. सर तिच्याबद्दल एवढंच म्हणाले, "चांगली पोरगी. टिकाव न्हाई धरला." मला तेव्हा वाटलं, टिकाव नेमका कुणी धरला नाही?

आणखी काही वर्षं गेली. मग एक उन्हाळा असा आला की लातूर आणि नांदेड ह्या दोन्ही जिल्ह्यांत डीप्या पाठोपाठ जळू लागल्या. एक बदलावी तोवर शेजारच्या गावची जायची. सरांच्या गावचीही गेली. नवी बसवली, तीही गेली. गावात टँकर सुरू झाला. सरांचे थोरले भाऊ शेती बघायचे. त्यांचा फोन आला तेव्हा मी सरांच्या खोलीतच होते. फोन कानापासून लांब धरावा लागत होता एवढा त्यांचा आवाज मोठा. "आरं तू लाईटीचा डाक्टर हाईस ना? तुझ्याच गावात लाईट न्हाई. लोकं मला इचारतेत, तुमचा गंगाधर करतो तरी काय?"

आणि त्याच आठवड्यात लातूरहून सुरेखाचा फोन आला, तेव्हाही मी तिथंच होते.

तिच्या कार्यालयात नवे मोठे साहेब आले होते. डीप्या का जळतात यावर त्यांना काहीतरी करायचं होतं आणि सुरेखानं त्यांना तो जुना पेपर वाचायला दिला होता. साहेबांनी वाचला होता. त्यांना तो पटला होता. चाचणी म्हणून एका तालुक्यात वेळापत्रक बदलून पाहू, असं त्यांच्या मनात होतं. "सर, तुम्ही येऊन समजावून सांगा," सुरेखा म्हणाली. "आपलीच मोजमापं हायेत."

सरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, वाचला की हो कुणीतरी!"

माझं सासर लातूरचं, मला तसंही जायचं होतं. मी त्यांच्या गाडीतून निघाले. वाटेत ते इतकं बोलले, इतकं बोलले की मला भोकरचा तो दिवस आठवला. पहिल्या पेपरातला प्रत्येक तक्ता त्यांना तोंडपाठ होता. पायात त्या दिवशी पुन्हा चप्पल होती.

बैठकीत आठदहा माणसं होती. मी मागं भिंतीपाशी बसले. सरांनी सांगितलं ते पूर्वीसारखं, गावाकडच्या बोलीत, दोन दोन वाक्यांत. मोठे साहेब मान हलवत होते, काहीबाही टिपून घेत होते. सुरेखा कोपऱ्यात बसली होती आणि तिचा चेहरा उजळलेला होता.

मग कंपनीचा एक सल्लागार उठला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अतिशय नम्र. "सरांच्या कामाबद्दल मला आदर आहे. मी त्यांचे सगळे पेपर काढून पाहिले. फक्त एक शंका आहे." त्यानं पडद्यावर एक पान दाखवलं. वर सरांचं नाव, खाली माहूरचे आकडे. "सरांच्याच ह्या नंतरच्या पेपराचा निष्कर्ष असा की रात्रीच्या तापमानाचा रोहित्राच्या आयुष्यावर परिणाम नगण्य आहे. भार हेच एकमेव कारण. हा पेपर नवा आहे, नावाजलेल्या जागी छापलाय. मग आपण जुना का धरायचा?"

सर उभे राहून ते पान वाचत होते. सावकाश, ओळीवर ओळ. त्यांच्या डोळ्यांकडं बघताना माझ्या लक्षात आलं की हा माणूस स्वतःच्या नावाचा हा पेपर आयुष्यात पहिल्यांदा वाचतोय. आकडे भरलेले आहेत हे सुरेखानं सांगितलं होतं, पण सहलेखकांनी त्यातून काय निष्कर्ष काढला, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

साहेब म्हणाले, "हाळणीकर सर?"

सर वळले. बोलले ते अगदी हळू. "साहेब, हा पेपर खोटा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे खोटा. हे आकडे कुणी मोजलेलेच न्हाईत. माझं नाव हाय, पण मी वाचलाबी नव्हता."

आजही मला वाटतं, त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं वाक्य ते होतं. पण त्याचा उपयोग शून्य झाला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, थोडी कीव होती. "सर, मग तुमचा पहिला खरा, हे आम्ही कशावरून धरायचं?"

सरांनी सुरेखाकडं पाहिलं.

सुरेखा उठली. "साहेब, पहिली मोजमापं मी घेतलीत. माझ्या हातानं. मी सांगते, ती खरी हायेत."

"तुम्ही त्यांच्याच विद्यार्थिनी ना?" साहेब म्हणाले. "आणि त्या पेपरावर तुमचं नाव आहे. बसा." सुरेखा बसली. ती पुन्हा वर बघेना. त्या बैठकीत ठरलं ते एवढंच, की जळालेल्या डीपींच्या जागी तशाच नव्या बसवाव्यात आणि आकडे टाकणाऱ्यांवर कारवाई करावी.

जिन्यात सर सुरेखापाशी थांबले. तीच म्हणाली, "सर, मला तुम्ही त्या दिवशी नुसतं म्हणला असता ना, की सुरेखा, चुकलं... तरी मी ऱ्हायले असते." आणि ती वर निघून गेली.

सरांनी मला सासरच्या दारात सोडलं आणि एकटे परत गेले.

परतल्यावर त्यांनी संचालकांना सांगितलं की खोटे पेपर मी मागं घेणार. त्या केबिनमधला आरडाओरडा आम्ही सगळ्यांनी ऐकला. संचालकांना पेपर खोटे असल्याचं वाईट वाटलं नव्हतं. ते त्यांना बहुधा माहीत असावं. परक्या कार्यालयात, चारचौघांत ते बोलून दाखवलं, ह्याचा त्यांना संताप होता. पुढच्या वर्षी कॉलेजच्या तपासणीसाठी समिती येणार होती, संख्या कमी होऊन चालणार नव्हती.

सरांनी तरीही नियतकालिकांना कळवलं. उत्तरं आली की सगळ्या सहलेखकांची संमती लागेल. सहलेखकांनी साफ नकार दिला. कुणाची बढती त्या पेपरावर, कुणाची पीएच.डी. एकानं तर फोनवर सुनावलं, "सर, तुम्हाला मोक्ष पाहिजे असेल तर एकट्यानं घ्या. आमची लेकरं लहान आहेत."

संस्थेची बदनामी केली म्हणून सरांचं अधिष्ठातापद काढून घेतलं. वर्ग काढून घेतले. ज्यांचे पोटापाण्याचे पेपर सरांच्या नावावर निघाले होते, ते स्टाफरूममध्ये सर आले की उठून जायचे. शेवटी सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाचा समारंभ झाला नाही. तपासणी समिती आली, तेव्हा अहवालात सरांचे पेपर एकूण एक मोजलेले होते. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली आणि पेढे वाटले गेले. मी घेतला नाही. त्यानं कुणाला काही फरक पडला नाही.

लोक मला विचारतात, हाळणीकर सर चांगले की वाईट? मला उत्तर देता येत नाही. त्यांना व्यवस्थेनं बिघडवलं म्हणावं, तर सुरेखा त्याच व्यवस्थेत होती. त्यांनी स्वतःच वाटोळं करून घेतलं म्हणावं, तर भर बैठकीत स्वतःलाच खोटं म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मला एवढंच कळतं की दोन जिल्ह्यांच्या उपयोगाची एक खरी गोष्ट त्यांना सापडली होती आणि तिला त्यांनीच स्वतःच्या पेपरांखाली गाडून टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडहून लातूरला जाताना बस अहमदपूरला थांबली. पाणी घ्यायला उतरले तर फलाटावरच्या बाकावर सर बसलेले. केस पांढरे झालेले, मांडीवर खताच्या दुकानाची पिशवी. गावी जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. "बसा मॅडम," म्हणाले आणि सरकून जागा केली. मी तब्येत विचारली, त्यांनी माझ्या मुलीचं विचारलं. थोरले भाऊ गेले, आता शेती तेच बघतात, म्हणाले. सुरेखाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

तेवढ्यात एक तरुण गर्दीतून वाट काढत आला आणि वाकून सरांच्या पाया पडला. "सर, ओळखलं का? मी तुमचा विद्यार्थी. आता उदगीरकडं कॉलेजात लागलोय. पीएच.डी. पण करून राहिलो."

"बरं झालं," सर म्हणाले. "विषय काय घेतला?"

"तुमचाच सर! रोहित्रांचं आयुष्य. सगळं तुमच्या पेपरावर उभं केलंय."

सरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी लातूरच्या वाटेवर गाडीत पाहिलं होतं. "कोणत्या?"

"तो नाही का, माहूरच्या आकड्यांचा. रात्रीच्या तापमानानं काही फरक पडत नाही म्हणून तुम्ही सिद्ध केलं, तो."

सर त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील. मी वाट बघत होते. मग गावाच्या गाडीचा पुकारा झाला. त्यांनी पिशवी उचलली, त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जुना पेपर हाय बाबा. नवं मोजून बघ."

"कशाला सर?" पोरगा हसत म्हणाला. "तुम्ही मोजलंय की."

सर गाडीत चढले. गाडी निम्मी रिकामी होती, तरी ते उन्हाच्या बाजूला खिडकीशी बसले. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी वळेपर्यंत उन्ह त्यांच्या तोंडावर होतं आणि ते सावलीकडं सरकले नाहीत.